शब्दार्थपाठाची मर्यादा : ‘लाइट’ व ‘रन’

फळ्याच्या एका बाजूस इंग्रजी शब्द व दुसऱ्या बाजूस त्याचा मराठी अर्थ लिहून देण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. ‘लाइट’ म्हणजे उजेड व ‘रन’ म्हणजे धावणे, एवढेच पाठ केलेला विद्यार्थी ‘द बॅग इज लाइट’ याचा अर्थ ‘पिशवी उजेड आहे’ असा आणि ‘द टॅप इज रनिंग’ याचा ‘नळ धावत आहे’ असा सांगतो. वर्ग हसतो व तो विद्यार्थी पुन्हा तोंड उघडीत नाही. वास्तविक, त्याने शिकविलेलेच प्रामाणिकपणे वापरलेले असते. उणीव शब्दार्थपाठात असते.

हे दोन्ही शब्द अनेकार्थी खरे, परंतु एका जातीचे नव्हेत. ‘लाइट’ हे मुळात दोन शब्द आहेत. उजेड या अर्थाचा ‘लाइट’ हा प्रकाशणे या अर्थाच्या ‘रुच्’ या संस्कृत धातूचा दूरचा आप्त, तर हलका या अर्थाचा ‘लाइट’ हा ‘लघु’ शब्दाचा. कालांतराने दोहोंचे रूप एक झाले. मराठीत ‘मान वळविणे’ व ‘मान देणे’ यांतील ‘मान’ असेच भिन्न मूळांचे आहेत.

‘रन’ हा मात्र एकच शब्द आहे. धावणे या अर्थापासून त्याचा विस्तार होत गेला : नदी वाहते, यंत्र चालते, माणूस दुकान चालवितो, फलंदाज धाव काढतो, या सर्व ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ येतो. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या सुधारित नोंदीत या क्रियापदाचे सहाशेहून अधिक अर्थ दिले आहेत. मराठीत ‘चालणे’ असेच विस्तारले आहे : मूल चालते, घड्याळ चालते, शाळा चालते आणि प्रसंगी खोटे नाणेही चालते.

यास्तव अध्यापनाची रीतही दोन प्रकारची असावी. ‘लाइट’चे दोन अर्थ दोन स्वतंत्र शब्द समजून निरनिराळ्या दिवशी शिकवावेत; एकदा पेटता कंदील दाखवावा, एकदा रिकामे दप्तर उचलावयास द्यावे. ‘रन’ शिकविताना प्रथम ‘चालणे’ची वाक्ये मुलांकडूनच काढून घ्यावीत व नंतर मूळ अर्थापासून एकेक पायरी पुढे जावे. कोणत्याही परिस्थितीत सुटा शब्द देऊन अर्थ विचारू नये. पूर्ण वाक्य द्यावे. आपल्याच भाषेत शब्द असे वागतात, हे एकदा उमगले म्हणजे विद्यार्थी चुकण्यास भीत नाही, आणि न भिणारा विद्यार्थीच भाषा शिकतो.