सर्वांची वाट

पुणे शहराचा कारभार पुणे महानगरपालिका पाहते. १५ फेब्रुवारी १९५० रोजी तिची स्थापना झाली. पाणी, दिवाबत्ती, रस्ते, दवाखाने, बागा ही तिची कामे आपल्याला ठाऊक आहेत. ती मराठीप्रमाणेच उर्दू माध्यमाच्या शाळाही चालवते. शहर सर्वांचे आहे. म्हणून ही कामे सर्वांच्या उपयोगी पडली पाहिजेत.

समजा, एका दवाखान्याच्या दारात पाच पायऱ्या आहेत. धडधाकट माणूस त्या सहज चढतो. चाकांच्या खुर्चीवर बसलेली मुलगी मात्र खालीच थांबते. आत डॉक्टर आहेत, औषधही आहे; पण तिला त्याचा काय उपयोग? आता सांगा, अडचण तिच्या पायांत आहे की त्या पायऱ्यांत? पायऱ्यांशेजारी रॅम्प, म्हणजे उतरती वाट बांधली, की तीच मुलगी आपली आपण आत जाते. मात्र रॅम्प फार उभा असून चालत नाही. १ फूट उंची चढायची असेल, तर त्याची लांबी निदान १२ फूट असावी लागते.

संधी मिळाली, की माणसाचे गुण दिसतात. मुरलीकांत पेटकर हे भारतीय सेनेतील जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. पण त्यांनी धीर सोडला नाही. त्यांनी पोहण्याचा कसून सराव केला. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिंपिक स्पर्धा झाल्या. तेथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय! २०१८ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली.

अशी संधी प्रत्येकाला मिळावी, म्हणून आपल्या देशात १९९५ साली एक कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. त्याच्या जागी २०१६ साली नवा कायदा झाला. त्यात २१ प्रकार आहेत. पूर्वी 'अपंग' म्हणत. आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. सरकारी इमारती, रस्ते आणि बसगाड्या दिव्यांगांना वापरता आल्या पाहिजेत, असे हा कायदा सांगतो. महाराष्ट्रात महानगरपालिकांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा नियम आहे.

पुणे महानगरपालिका दिव्यांगांना बसचा मोफत पास देते. २०१६ साली तिने पायी चालणाऱ्यांसाठी खास धोरण मंजूर केले. पदपथ रुंद, सपाट आणि सलग असावेत, हा त्याचा हेतू आहे. जंगली महाराज रस्त्यावर असे रुंद पदपथ झाले आहेत. काही पदपथांवर उंचवट्यांच्या फरश्या असतात. त्या शोभेसाठी नसतात. लांब रेघांची फरशी अंधांना 'सरळ चला' असे सांगते. गोल ठिपक्यांची फरशी 'थांबा, पुढे धोका आहे' असे सांगते.

तरीही पुष्कळ काम बाकी आहे. मोटारसायकली पदपथावर चढू नयेत, म्हणून कोठे कोठे खांब रोवतात. ते फार जवळजवळ असले, तर चाकांची खुर्चीही अडते. रॅम्पसमोर कोणी स्कूटर लावली, तर हजारो रुपये खर्चून केलेली सोय क्षणात वाया जाते. तो रॅम्प महानगरपालिका बांधते. पण तो मोकळा कोणी ठेवायचा?

मुलांनो, मराठीतील 'हक्क' हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. उर्दूत आपण 'हक' म्हणतो. दया करणे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्क मात्र ज्याचा त्याला द्यावाच लागतो. दिव्यांगांना रस्ता देणे ही दया नव्हे. तो त्यांचा हक्क आहे.

शब्दार्थ
धडधाकट – निरोगी, सशक्त
पदपथ – पायी चालण्याचा रस्ता, फुटपाथ
सलग – मध्ये न तुटणारा
रूढ – नेहमीच्या वापरातला
मर्जी – इच्छा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पुणे महानगरपालिकेची स्थापना केव्हा झाली?
(आ) गोल ठिपक्यांची फरशी काय सांगते?
२. कारणे लिहा.
(अ) दवाखान्याच्या दारात रॅम्प हवा.
(आ) पदपथावरील खांब फार जवळ नसावेत.
३. 'दया' आणि 'हक्क' यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
४. तुमच्या शाळेत चाकांच्या खुर्चीवरून कोठे कोठे जाता येईल? पाहून यादी करा.