उंच केलेली डिझेल पिकअप घ्यावी का? फायदे, तोटे आणि फेऱ्यांचा हिशोब



आज फवारणी नाही, खत नाही. आज गाडीवर बोलायचं आहे. मेसेज मोठा आहे, सावकाश वाचा.

मागच्या आठवड्यात एका सभासद दादांनी मला फोटो पाठवला. २०१९ ची डिझेल पिकअप, मागच्या अ‍ॅक्सलवर लोखंडी ठोकळे टाकून उंच केलेली, दोन्ही बाजूंनी कमानपाटे वाढवलेले, टायर कंपनीपेक्षा मोठे. खाली लिहिलं होतं, "सर, पाणंदीला कुठंच टेकत नाही. मालक चांगला माणूस आहे. घेऊ का?" त्यानंतर असाच प्रश्न आणखी तिघांनी विचारला. म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहितो.

आधी फायदे, कारण ते खरे आहेत. आपल्या शिवारातली पाणंद कशी आहे ते तुम्हाला सांगायला नको. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल पडतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. कंपनीतून आलेली पिकअप भरली की मागून बसते आणि सायलेन्सर, स्टेपनी, नाहीतर डिझेलच्या टाकीची पट्टी त्या उंचवट्याला घासते. उंच केलेल्या गाडीला हा त्रास कमी होतो. पाईपलाईनच्या चाऱ्या, बांधाचा चढ, ओढ्याचा फरशी पूल अशा ठिकाणी ती बिनघोर निघते. माल थेट प्लॉटच्या कडेला भरता येतो, डोक्यावर क्रेट वाहायला लागत नाहीत, मजुरी वाचते. डिझेलचंही तसंच आहे. कमी आरपीएमला ओढ चांगली असते, त्यामुळे भरलेली गाडी चढाला दमत नाही आणि पंप कुठंही मिळतो. सीएनजीला तोडणीच्या दिवशी रांगेत थांबायला लागलं तर लिलावाची वेळ निघून जाते.

आता एक गोष्ट, जी गॅरेजवाला सहसा सांगत नाही. ठोकळा टाकून वर जातो तो गाडीचा सांगाडा आणि हौदा. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध जो गोल फुगीर डबा असतो, डिफरन्शियलचा, तो होता तिथंच राहतो. आणि चाकोरीतल्या उंचवट्याला सगळ्यात आधी टेकतो तो हाच डबा. तो वर न्यायचा तर टायरच मोठे लागतात. टायर मोठे केले की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे मीटरवर ४० दिसतं तेव्हा गाडी प्रत्यक्षात त्याच्या पुढं असते. पहिल्या गिअरची ओढ कमी होते, क्लच लवकर जातो. म्हणजे ज्या ओढीसाठी डिझेल घेतलं, तीच थोडी आपण परत देऊन टाकतो.

चिखलाचंही असंच. आपल्याकडच्या बहुतेक पिकअप मागच्या दोन चाकांवर चालतात. काळ्या जमिनीत रिकामी गाडी रुतते ती उंची कमी म्हणून नाही, मागच्या चाकांवर वजन नाही म्हणून. उंच केल्यानं पकड वाढत नाही. मागं खताची चार पोती टाकली तर जास्त उपयोग होतो.

ब्रेकचं जरा लक्ष देऊन वाचा. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून सांगाड्यापर्यंत एक बारीक दांडा आणि त्याला जोडलेला व्हॉल्व्ह असतो. गाडी भरली की सांगाडा खाली बसतो, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असली की कमी देतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी फिरत नाही. ठोकळा टाकला की सांगाडा कायम वरच राहतो. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. तुम्ही दीड टन माल भरलेला असतो आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीचे लागतात. शिवाय प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, त्याचे क्रॉस वारंवार जातात, आणि मागून उंच झालेल्या गाडीचे हेडलाईट रस्त्यावर खाली पडतात, लांबचं दिसत नाही. समोरूनही उंच केली असेल तर लाईट समोरच्याच्या डोळ्यात.

आणि तोल. याचा हिशोब कागदावर करून बघा. दोन चाकांमधलं अंतर १४० सेंमी आणि भरलेल्या गाडीचा तोलबिंदू जमिनीपासून १०० सेंमीवर धरला, तर गाडी एका बाजूला ३५ अंश कलली की पडते. नुसती १० सेंमी उंच केली तर तो आकडा ३२ च्या आसपास येतो. तुम्ही म्हणाल, तीन अंशांनी काय होतंय? पण पाटे वाढवल्यावर नुसती उंची कुणी ठेवतं का? क्रेटचा आणखी एक थर चढतोच. मग तोलबिंदू १२० वर जातो आणि आकडा ३० वर येतो. हे सगळं गाडी उभी असताना आणि माल घट्ट बांधलेला असताना. वळणावर पाटे एका बाजूला दबतात, क्रेट सरकतात, कांदा सुटा असेल तर घरंगळतो. प्रत्यक्षात गाडी त्याच्या बरीच आधी जाते. उंच कडबा भरलेली बैलगाडी बांधावरून नेलेल्या माणसाला हे समजवायला लागत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या घरी अशीच उंच केलेली गाडी होती. तीन वर्षांपूर्वी परतीच्या पावसात पाणंदीतून कॅनॉलच्या रस्त्याला लागताना ती डाव्या अंगावर गेली. वेग फार तर २० चा असेल. चार थर क्रेट होते आणि क्रेटवर तोडणीच्या दोन बायका बसलेल्या. एक मावशी बाहेरच्या बाजूला फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या, पण त्यांचा खुबा मोडला. त्या आता तोडणीला जात नाहीत, घरी बसून लसूण सोलायचं काम करतात. गाडीवर विमा होता. पण मालवाहू गाडीच्या हौद्यात बसलेल्या मजुरांना तो लागू नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. दवाखान्याचा खर्च चुलत्यांनी त्या वर्षीचा कांदा विकून दिला. गाडी विकताना ठोकळे काढूनच विकली.

म्हणून हे स्पष्ट लिहितो. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस, तोही आरसीवर जेवढे सीट लिहिलेत तेवढ्यातच. क्रेटवर, फाळक्यावर, हौद्यात मजूर बसवायचे नाहीत. "दोन किलोमीटरच तर आहे" असं आमच्याकडेही सगळे म्हणायचे.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितलेली आहे. ओव्हरलोडला कलम १९४ खाली २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये. पाटे कितीही वाढवा, पासिंग वाढत नाही. काट्यावर आरसीतलाच आकडा धरतात. मालवाहू गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी लागतं. पासिंगच्या आदल्या दिवशी ठोकळे काढायचे आणि दुसऱ्या दिवशी परत टाकायचे, हा उद्योग तुम्हाला माहीत आहे. पण अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर गाडी आहे तशी बघतो, आणि न कळवलेल्या बदलावरून क्लेम अडतो. लायसनची मात्र काळजी नको. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन चालतं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलं आहे.

आता माझ्या विषयाचं, मालाचं. वाढवलेले पाटे पूर्ण लोडवरच लवचिक राहतात. अर्ध्या लोडला गाडी दगडासारखी आदळते. टोमॅटोची पहिली आणि शेवटची तोडणी कधी ७० क्रेटची नसते, ३० ते ४० ची असते. त्या दिवशी खालच्या थरातल्या फळाला मार बसतो. शेतातून निघताना माल चांगला दिसतो, पिंपळगावला लिलावात उतरला की खालच्या क्रेटमध्ये पाणी सुटलेलं. व्यापारी एक क्रेट उलटा करतो आणि सगळ्या गाडीचा भाव पाडतो. द्राक्षाचे मणी गळतात ते तर डोळ्यांनी दिसतं. तुमच्याकडे आधीच कडक गाडी असेल तर टायरमधली हवा लोडप्रमाणे ठेवा, क्रेटच्या तळाला कागद टाका आणि पाणंदीत गाडी चालत्या माणसाच्या वेगानं काढा.

मग गाडीच घेऊ नये का? घ्यावी, पण फेऱ्या मोजून. उदाहरण म्हणून आकडे धरतो, तुम्ही तुमचे घाला. १० लाखांची नवी पिकअप, २ लाख स्वतःचे, ८ लाख कर्ज, साडेदहा टक्क्यांनी ५ वर्षं. हप्ता येतो साधारण १७,२०० रुपये, म्हणजे वर्षाला २ लाख ६ हजार. विमा, सर्व्हिस, टायर, टॅक्स मिळून ७० हजार धरा. झाले २ लाख ७६ हजार. भाड्याची गाडी एका फेरीला २,५०० घेते आणि स्वतःच्या गाडीला डिझेल ५०० चं लागतं असं धरलं, तर एका फेरीला २,००० वाचतात. म्हणजे वर्षाला १३८ फेऱ्या झाल्या तर गाडी फुकट पडते, त्याच्या पुढं फायदा. ड्रायव्हरचा पगार यात धरलेला नाही.

आता तुमच्या फेऱ्या. टोमॅटो एकरी १,००० क्रेट आणि गाडीत ७० क्रेट धरले तर एकरी १४ ते १५ फेऱ्या. कांदा एकरी १०० क्विंटल आणि गाडीत १५ क्विंटल धरले तर ७ फेऱ्या. तीन एकर टोमॅटो आणि तीन एकर कांदा असलेल्या माणसाच्या फेऱ्या होतात ६५ च्या आसपास. लहान तोडण्या धरून ८० म्हणा. १३८ होत नाहीत. मग काय होतं? हप्ता भागवायला एका फेरीत दोन फेऱ्यांचा माल भरायचा मोह होतो आणि तिथूनच पाटे वाढवायचा विचार सुरू होतो. दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून एक गाडी घेतली आणि तोडणीचे दिवस मागंपुढं लावून घेतले, तर तीच गाडी पासिंगप्रमाणे भरूनही परवडते. फक्त विमा आणि डिझेलचा हिशोब पहिल्या दिवसापासून वहीत ठेवा. भावाभावांत सुद्धा.

नवी डिझेल घेणाऱ्यांना अजून एक सूचना. बीएस-६ नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात. नुसती शेत ते घर अशी दोन-तीन किलोमीटरची ये-जा केली तर तो साफ व्हायला इंजिन पुरेसं तापत नाही आणि चोंदतो. गाडीला अधूनमधून हायवेवर एकसारख्या वेगानं अर्धा तास पळवा. दिवा लागला तर दुर्लक्ष करू नका.

राहिली पाणंद. ठोकळे, पाटे, टायर मिळून जे पैसे जातात, त्यात मुरमाच्या काही ट्रॉल्या येतात. चाकोरीतला मधला उंचवटा ट्रॅक्टरच्या पात्यानं ओढून, दोन्ही चाकोऱ्यांत मुरूम दाबला तर कंपनीची उंची पुरते. पाणंदीवरचे सगळे मिळून करा. शेत-पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेसाठी ग्रामपंचायतीकडे मागणी देता येते. कुणी रस्ता अडवला असेल तर तहसीलदारांकडे मामलतदार कोर्ट कायद्याखाली अर्ज होतो, आणि रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून मागता येतो.

त्या फोटोवाल्या दादांना मी असं सांगितलंय: मालकाला ठोकळे आणि मोठे टायर काढून द्यायला सांगा, जादा पाटे उतरवा, ब्रेकचा व्हॉल्व्ह चालू आहे का ते ओळखीच्या मिस्त्रीकडून बघा, गाडी रिकामी काट्यावर घाला आणि आरसीशी वजन ताडून बघा. मग किंमत बोला. मालक दोन दिवसांनी कळवतो म्हणालाय.

शनिवारी सकाळी १० ते १ मी संकलन केंद्रावर आहे. गाडी घ्यायचा विचार असेल त्यांनी मागच्या हंगामाच्या काटा पावत्या घेऊन या, तुमच्या फेऱ्या तिथंच मोजू. पाणंदीचा मागणी अर्ज लिहायचा असेल तर गट नंबर आणि रस्त्यावरच्या शेतकऱ्यांची नावं सोबत आणा.