लेकराचं पाप कोणतं आणि क्षमा कशाची?

आईबाबांनो,

बाप्तिस्म्याच्या तयारीला आईवडील बसले की एक प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा तो आईच विचारते, मांडीवरच्या बाळाकडे बघत. "यानं तर अजून धड डोळेबी उघडले नाही. याला क्षमा कायची पाहिजे?" बाबा गप्प असतात, पण त्यांच्याही मनात तेच असतं.

प्रश्न सरळ आहे, त्याचं उत्तरही सरळ द्यायला हवं. तुमच्या बाळाने काहीही केलेलं नाही. चर्चही त्याच्यावर कसला आरोप करत नाही. तरीही रविवारच्या मिस्सात आपण जो विश्वासांगीकार म्हणतो, त्यात पापक्षमेसाठी असलेला एकच बाप्तिस्मा आपण मान्य करतो. ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेपासून ही श्रद्धा चालत आली आहे. मग बाळाच्या बाबतीत तिचा अर्थ काय?

आपल्या धानपट्ट्यातलंच उदाहरण घेऊ. आजोबांनी बांधी गहाण टाकली आणि ती सोडवली नाही. पुढे नातू जन्मला. त्या व्यवहारात त्याचा काही गुन्हा नाही, त्याला कोणी कर्जबुडव्या म्हणत नाही. पण जी जमीन त्याची व्हायची, ती त्याच्या हाती नाही. आदिपाप हे असं आहे. देवाची मैत्री, त्याची कृपा हे माणसाचं मूळचं धन होतं. पहिल्या माणसांनी ते गमावलं आणि आपण सगळे त्या उणिवेत जन्माला येतो. १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ही शिकवण ठामपणे मांडली. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने त्यात कुणाची गफलत होऊ नये म्हणून स्पष्ट सांगितलं, की आदमाच्या वंशजांच्या बाबतीत आदिपाप हा वैयक्तिक अपराध नाही. बाप्तिस्म्यात प्रभू येशू ते गमावलेलं धन बाळाला परत देतो. त्यासाठी बाळाला काही कमवावं लागत नाही.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार अनेक घरांत आहे. लेकराचे हातपाय दुखायला लागतात, ते रात्र रात्र रडतं आणि मग घरात कुजबुज सुरू होते. कुणाच्या पापाचं फळ म्हणायचं हे? आईच्या, की बापाच्या? येशूच्या शिष्यांनी एका जन्मांध माणसाकडे बोट दाखवून नेमकं हेच विचारलं होतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूचं उत्तर आहे. पाप ना त्या माणसाचं, ना त्याच्या आईवडिलांचं. सिकलसेल रक्तातून येतो. आई आणि बाबा दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. रक्ताची तपासणी करा, औषधं नेमाने द्या, पण एकमेकांच्या माथी पाप मारू नका. आदिपापाची शिकवण सांगून कुणी आजारी लेकराच्या आईला दोष देत असेल, तर त्याला ती शिकवण कळलेलीच नाही.

आता संस्काराकडे या. फादर तुम्हाला चर्चच्या दाराशीच थांबवतात आणि विचारतात, बाळाचं नाव काय ठेवलंत? चर्चकडे काय मागता? मग कपाळावर क्रुसाची खूण करतात. आधी फादर, नंतर तुम्ही स्वतः, तुमच्या बोटाने. स्नानकुंडापाशी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओतलं जातं. टाळूवर पवित्र तेल लावतात, पांढरं वस्त्र घालतात. शेवटी पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवर छोटी मेणबत्ती पेटवून घरातलं कुणीतरी ती धरतं, बहुधा बाबाच. ही मेणबत्ती फोटोपुरती नाही. ज्योत विझू न देण्याची जबाबदारी तुमच्यावर सोपवली जाते. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. त्याने आत्म्यावर उमटलेली मुद्रा पुसता येत नाही.

म्हणूनच माझी पहिली विनंती आहे, उशीर करू नका. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा व्हावा, असा चर्चचा नियम आहे. पण आपल्याकडे हॉल मिळाला नाही, मामा सुट्टीवर आले नाहीत, धान विकलं की कार्यक्रम करू, असं म्हणता म्हणता बाळ चालायला लागतं. जेवण नंतरही घालता येईल. देवाची देणगी पंगतीसाठी अडवून ठेवू नका. तुमच्या लग्नाचा विषय अजून चर्चमध्ये मिटला नसेल, तरी संकोचाने घरी बसू नका. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ च्या जानेवारीत सिस्टीन चॅपेलमध्ये बाप्तिस्मा दिलेल्या बालकांमध्ये केवळ नोंदणी विवाह केलेल्या जोडप्याचंही बाळ होतं. फादरांशी मोकळेपणाने बोला. लेकराला या श्रद्धेत वाढवण्याची तुमची तयारी आहे का, एवढं ते आधी बघतील.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, नवजात कक्षात काचेच्या पेटीत असेल, डॉक्टरांनी आशा सोडली असेल, तर फादर नागपूरहून येवोत की गोंदियाहून, वाट बघत बसू नका. अशा वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. आई देऊ शकते, नर्स देऊ शकते, ती ख्रिस्ती नसली तरीही. चर्च जे करतं ते करण्याची इच्छा मनात हवी, बाळाच्या डोक्यावर साधं पाणी ओतायला हवं आणि त्याच वेळी पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो किंवा देते, असं म्हणायला हवं. शब्दांत बदल करू नका. "आम्ही देतो" असं म्हटलेला बाप्तिस्मा वैध नाही, असं रोमने २०२० मध्ये मुद्दाम कळवलं आहे. नंतर पॅरिशमध्ये सांगा, म्हणजे नोंद होईल.

आणि ज्यांचं लेकरू बाप्तिस्म्याआधीच गेलं, त्या आईबापांना काय सांगू? चर्च अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतं. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने सविस्तर विचार करून सांगितलं, की या बाळांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम आधार आहे. लेकरांना माझ्याकडे येऊ द्या म्हणणारा प्रभू त्यांना दारात उभं ठेवणार नाही, या आशेवर तुम्ही टेकू शकता. म्हाताऱ्या माणसांकडून याहून कठोर काही ऐकलं असेल, तर ते मनातून काढून टाका.

काही घरांत आई कॅथलिक आणि वडील दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीतले असतात. त्यांचा बाप्तिस्मा पुन्हा करावा लागेल का, अशी धास्ती घेऊ नका. कवी नारायण वामन टिळकांचं उदाहरण घ्या. आपल्या गोंदियावरून जाणाऱ्या लोहमार्गाने ते नागपूरहून राजनांदगावला चालले होते. त्या प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तोही प्रॉटेस्टंट मंडळीत. पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने असा बाप्तिस्मा झालेला माणूस पुढे कॅथलिक झाला, तरी चर्च त्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाही. टिळकांसारखा मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्याला आदिपापाबरोबर तोवर केलेल्या सगळ्या पापांची आणि त्यांच्या शिक्षेचीही माफी मिळते.

धर्ममाता-धर्मपिता निवडताना साहेब बघू नका, सोन्याची साखळी कोण घालेल तेही बघू नका. वयाची सोळा वर्षं पूर्ण झालेला, दृढीकरण झालेला, स्वतः मिस्साला जाणारा माणूस शोधा. तुमच्या पोराने पंधराव्या वर्षी तोंड फिरवलं, तर त्याच्याशी बोलायला हा माणूस घरी येईल का, एवढंच स्वतःला विचारा.

बाप्तिस्म्याने पाप धुतलं जातं, पण पापाकडे ओढा राहतोच. दोन वर्षांचं पोर भावाच्या हातातलं खेळणं हिसकावतं, पाच वर्षांचं खोटं बोलतं. हे दिसलं म्हणून बाप्तिस्मा वाया गेला, असं नाही. याचसाठी प्रभूने प्रायश्चित्त संस्कार दिला, ज्याला आपण घरी कन्फेशन म्हणतो. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी येशूने प्रेषितांवर श्वास फुंकून पापक्षमेचा अधिकार दिला, तिथे त्याचं मूळ आहे. साधारण सातव्या वर्षी मुलाला बरंवाईट कळू लागतं आणि प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या आधी तो पहिलं कन्फेशन करतो.

इथे आपल्याकडून बरंच बिघडतं. "थांब, फादरला सांगतो" ही धमकी कृपा करून बंद करा. आणि मूल कन्फेशन करून बाहेर आलं की काय सांगितलंस, असं विचारू नका. फादर ते गुपित कुणालाही सांगू शकत नाहीत, जीव गेला तरी नाही. मग ते खोदून काढण्याचा हक्क आपल्याला कुठून आला? मुलाला बाहेर येऊन मोकळं हसू द्या.

क्षमा म्हणजे काय, हे पोर धर्मशिक्षणाच्या वर्गाआधी घरात शिकतं. कप फुटला आणि त्याने कबूल केलं, तर त्याला जवळ घ्या, काचा दोघं मिळून वेचा आणि तो विषय तिथेच संपवा. महिन्याभराने पाहुण्यांसमोर तोच कप पुन्हा फोडू नका. बाबा रागाच्या भरात आईला नको ते बोलले, तर त्यांनी मुलांदेखतच तिची माफी मागावी. माफी मागणारा बाप ज्याने पाहिला, त्याला क्षमा करणारा देव समजावून सांगणं सोपं जातं. आणि तुम्ही स्वतः वर्षानुवर्षं कन्फेशनला गेला नसाल, तर मुलाला एकट्याला रांगेत उभं करून त्याला काय शिकवणार?

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या घरांना चर्च लांब पडतं, बस वेळेवर नसते, हे खरं आहे. तरी एवढं करा. बाळाचा बाप्तिस्मा राहिला असेल, तर याच आठवड्यात फादरांना फोन करून तारीख ठरवा. झाला असेल, तर ती तारीख वाढदिवसासारखी लक्षात ठेवा आणि त्या दिवशी घरात मेणबत्ती लावून सगळे मिळून प्रार्थना करा. आणि पुढच्या वेळी चर्चला जाल, तेव्हा लेकराच्या आधी तुम्ही कन्फेशनच्या रांगेत उभे राहा.