आई-वडिलांना नाही, मग भावंडांना कसं?

“डॉक्टर, मूळव्याधच असणार. आमच्या घरात कॅन्सर कुणालाच नाही.” शौचातून रक्त जातं म्हणून येणारे कितीतरी जण हे ठरवूनच येतात. बहुतेक वेळा मूळव्याध किंवा फिशरच निघतं, हे खरं. पण ‘घरात कुणालाच नाही’ या आधारावर मी कुणाला तसंच घरी पाठवत नाही. त्याचं कारण आहे पहिल्या गुणसूत्रावरचं एक जनुक, एमयूटीवायएच.

डीएनएच्या अक्षरांत ‘जी’समोर नेहमी ‘सी’ बसतं. पेशीत ऊर्जा तयार होताना ऑक्सिजनचे काही खोडसाळ रेणू सुटतात आणि ‘जी’ला बिघडवतात. ब्लाउजचा हूक वाकावा तसं होतं. वाकलेला हूक भलत्याच काजात अडकतो, तसं डीएनएची नक्कल होताना बिघडलेल्या ‘जी’समोर ‘सी’ऐवजी ‘ए’ येऊन बसतं. हे चुकीचं ‘ए’ उपटून काढणारं विकर बनवण्याची कृती एमयूटीवायएच जनुकात असते. ते काम झालं नाही, तर पुढच्या नकलेत ‘जी’च्या जागी ‘टी’ कायमचं बसतं. दुरुस्तीच्या या पद्धतीचा पाया टोमास लिंडाल यांनी घातला. 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी.

2002 मध्ये वेल्समधल्या कार्डिफच्या संशोधकांपुढे एक कोडं होतं. एकाच घरातल्या तीन भावंडांच्या मोठ्या आतड्यात पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेल्या चामखिळीसारख्या गाठी होत्या. अशा वेळी पहिला संशय एपीसी या जनुकावर जातो, कारण पेशींच्या वाढीला लगाम घालण्याचं काम त्याचं. पण या भावंडांना जन्मतः मिळालेलं एपीसी ठीक होतं. गाठींच्या पेशींतलं मात्र बिघडलेलं होतं, आणि त्यात ‘जी’च्या जागी ‘टी’ हीच चूक पुन्हा पुन्हा दिसत होती. चोर रंगेहाथ नव्हे, ठशावरून सापडला: एमयूटीवायएचच्या दोन्ही प्रती सदोष होत्या.

दोन्ही प्रती, हे शब्द महत्त्वाचे. आईकडून एक, वडिलांकडून एक. एकच प्रत बिघडलेली असेल, तर दुसरी काम निभावून नेते. धोका वाढला तरी थोडाच. म्हणून आई-वडील ठणठणीत असतात आणि प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं अजून होतात. नवरा-बायकोचे आजी-आजोबा एकच असले, की तीच सदोष प्रत दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. यात दोष कुणाचाच नाही, सुनेचा तर नाहीच नाही.

या आजारात पॉलिप साधारण दहापासून काहीशेपर्यंत असू शकतात. लक्ष ठेवलं नाही, तर त्यांतल्या एखाद्याचा कॅन्सर होण्याचा धोका मोठा असतो, बहुधा चाळिशी-पन्नाशीत. दुर्बिणीनं वेळेवर पाहिलं, तर पॉलिप तिथल्या तिथे काढता येतात. फारच दाटी झाली असेल, तर आतड्याचा भाग काढावा लागतो. दोन्ही प्रती सदोष आहेत असं कळलं, की ही दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, विशीच्या सुमारास सुरू करायची आणि दर एक-दोन वर्षांनी करायची. पुढे जठर आणि लहान आतड्याची सुरुवातही पाहायची. ‘अँटिऑक्सिडंट’ लिहिलेल्या महागड्या गोळ्यांबद्दल लोक हमखास विचारतात. या विकराची उणीव भरून काढणारी गोळी नाही. ते पैसे तपासणीसाठी ठेवा.

जनुकाची तपासणी सगळ्यांनी करायची गरज नाही. दहा किंवा जास्त पॉलिप निघाले, पन्नाशीच्या आत आतड्याचा कॅन्सर झाला किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार असला, तर मात्र जनुकीय समुपदेशकाला भेटा. तपासणीला थोडं रक्त किंवा लाळ पुरते. आणि शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत बदल, विनाकारण घटणारं वजन किंवा पुरुषाचं कारण नसताना उतरलेलं हिमोग्लोबिन, यांपैकी काहीही असलं तर मूळव्याधीचं मलम लावत महिने काढू नका.

कोलोनोस्कोपीच्या अहवालात किती पॉलिप निघाले ते लिहिलेलं असतं. तो कागद फाइलमध्ये ठेवून देण्याआधी आपल्या भावा-बहिणींना दाखवा.