चौथ्या पिनची गोष्ट : ग्राफिंग कॅल्क्युलेटरसाठी घरी बनवलेली यूएसबी केबल



आजचा पाठ जरा वेगळा आहे. पुस्तकात नाही, पण नववी-दहावीच्या मुलांना घेऊन एका शनिवारी दुपारी सहज करता येतो. खर्च किरकोळ आहे. मात्र घाई केली तर महागात पडू शकतो. ते कसं, हे मी स्वतःच्या चुकीवरूनच सांगणार आहे.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत असते. मागच्या सुट्टीत येताना तिने मुलाचा जुना टीआय-८४ प्लस कॅल्क्युलेटर आणला. "ताई, याला आता लागत नाही, तुझ्या वर्गातल्या मुलांना दाखव," म्हणाली. तिकडच्या शाळांत हे यंत्र दप्तरातच असतं. आपल्याकडे राज्य मंडळाच्या गणिताच्या पेपरला साधा कॅल्क्युलेटरही चालत नाही, त्यामुळे ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर बहुतेक मुलांनी पाहिलेलाच नसतो. आयबी अभ्यासक्रमाच्या शाळांत मात्र तो लागतो.

आधी यंत्राची ओळख

टीआय-८४ प्लस हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचा कॅल्क्युलेटर २००४ साली बाजारात आला. आत झेड-८० जातीचा प्रोसेसर आहे, पडदा ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा आणि वीज चार ट्रिपल-ए सेलची. या मॉडेलला मिनी-यूएसबीचं तोंड दिलेलं आहे. संगणकाला जोडायचं असेल तर बाजारातली साधी मिनी-बी केबल चालते, त्यासाठी काही बनवावं लागत नाही.

मग आपण काय बनवणार? मुलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, याला पेनड्राइव्ह लागेल का?" प्रश्न इथूनच सुरू झाला.

मोठं कोण?

यूएसबीच्या जोडणीत दोन्ही बाजू सारख्या नसतात. एक यजमान असतो, दुसरा पाहुणा. यजमान पाच व्होल्टची वीज पुरवतो आणि बोलणं कधी सुरू करायचं तेही तोच ठरवतो. पाहुणा विचारल्याशिवाय बोलत नाही. संगणक नेहमी यजमान, पेनड्राइव्ह आणि माउस नेहमी पाहुणे.

कॅल्क्युलेटर संगणकाला जोडला की तो पाहुणा होतो. पण त्याला पेनड्राइव्ह जोडायचा तर त्याने यजमान व्हायला हवं. एकाच यंत्राने दोन्ही भूमिका करायच्या, यासाठी २००१ मध्ये 'यूएसबी ऑन-द-गो' हा नियमांचा भाग आला. आपल्या मोबाइलची ओटीजी केबल म्हणजे हेच!

आता यंत्राला कळणार कसं, की आज आपण यजमान की पाहुणे? हा प्रश्न मी वर्गात टाकला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. एरवी गणिताच्या तासाला मान खाली घालून बसणारा. सुट्टीत मामाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, हे मला तेव्हाच कळलं. म्हणाला, "मॅडम, ओटीजीच्या पिनीत आतल्या आत दोन टोकं जोडलेली असतात. साध्या केबलमध्ये नसतात."

अगदी बरोबर. साध्या यूएसबी-ए प्लगमध्ये चार पिना असतात, मिनी प्लगमध्ये पाच. त्या अशा :

- पिन १ : पाच व्होल्ट (लाल तार)
- पिन २ : डेटा उणे (पांढरी)
- पिन ३ : डेटा अधिक (हिरवी)
- पिन ४ : ओळख पिन (हिची तारच नसते)
- पिन ५ : ग्राउंड (काळी)

चौथी पिन मोकळी असेल तर यंत्र समजतं, 'मी पाहुणा'. चौथी पिन पाचवीला म्हणजे ग्राउंडला जोडलेली असेल तर समजतं, 'मी यजमान'. आपली सगळी केबल म्हणजे या एका जोडणीची करामत आहे.

साहित्य

१. टाकून दिलेली मिनी-यूएसबी केबल (जुन्या कॅमेऱ्याची चालेल)
२. यूएसबीची एक्स्टेंशन केबल, जिच्या एका टोकाला पेनड्राइव्ह घुसेल असं तोंड असतं
३. सोल्डर करायचा सुटा पाच पिनांचा मिनी-बी प्लग
४. सोल्डरिंग गन, सोल्डर वायर, तार सोलायचा कटर, हीट श्रिंक ट्यूब
५. मल्टिमीटर आणि मोबाइलचा जुना चार्जर

सुटा प्लग कशाला, असं वाटेल. तयार केबलचा प्लग रबरात ओतलेला असतो आणि चौथी पिन आतच राहते. तिथे हात पोहोचत नाही. जुनी केबल आपण फक्त नमुना म्हणून वापरणार आहोत. ते का, ते पुढे कळेल.

कृती

१. दोन्ही केबल मधोमध कापा. बाहेरचं आवरण सोलून आतल्या चार तारा वेगळ्या करा आणि टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी ठेवा.

२. रंगांवर आंधळा विश्वास ठेवू नका. स्वस्त केबलमध्ये रंग बदललेले सापडतात. दोन्ही केबलचा चार्जरमध्ये जाणारा भाग आळीपाळीने चार्जरला लावा आणि मल्टिमीटरची लाल काडी लाल तारेला, काळी काडी काळ्या तारेला टेकवा. साधारण अधिक पाच व्होल्ट दिसले तर वीजपुरवठ्याचे रंग बरोबर. उणे दिसले तर तारा उलट्या आहेत. नोंद करून चार्जर काढून घ्या.

३. आता कापलेल्या जुन्या मिनी प्लगची लाल तार घ्या. मल्टिमीटर बीपवर ठेवून, प्लगच्या तोंडातल्या कुठल्या टोकाच्या पट्टीला बीप येतो ते बारीक टाचणीने शोधा. ती पिन १. नवा सुटा प्लग त्याच्या शेजारी, त्याच बाजूने धरा आणि पिन १ वर शाईने खूण करा.

४. नव्या प्लगच्या मागे पिन ४ आणि ५ सोल्डरने एकमेकींना जोडा. काळी तार तिथेच लावा.

५. एक्स्टेंशनच्या तोंडाकडच्या भागातली लाल तार १ ला, पांढरी २ ला, हिरवी ३ ला लावा. तारा लावण्याआधी त्यांत ट्यूबचे तुकडे ओवून ठेवा, नंतर ओवता येत नाहीत. (आम्ही विसरलो आणि पुन्हा सगळं सोडवलं!) केबल शक्य तितकी आखूड ठेवा.

६. आता थांबा. कॅल्क्युलेटरला लगेच लावायचं नाही. आधी तपासणी.

तपासणी आणि माझी चूक

मी पहिली केबल घरी एकटीनेच बनवली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात ऐटीत आणली आणि सरळ कॅल्क्युलेटरला लावायला निघाले. तो मागच्या बाकावरचा मुलगा पटकन म्हणाला, "मॅडम, बीप करून बघूया ना आधी. मामा तसं लावू देत नाही."

खरं सांगायचं तर मला क्षणभर रागच आला. वर्गासमोर विद्यार्थी शिक्षकाला थांबवतोय! पण मल्टिमीटर समोरच होता. त्याच्या हातात दिला.

त्याने एका मिनिटात दाखवलं की माझी केबल पूर्ण उलटी होती. प्लगचं चित्र समोरून काढलेलं होतं आणि मी सोल्डर करत होते मागून. आरशात डावं-उजवं बदलतं तसं झालं. पिन १ समजून मी पिन ५ ला लाल तार लावली होती. ४ आणि ५ जोडल्या असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात १ आणि २ जोडल्या गेल्या होत्या. म्हणजे डेटाची पिन थेट पाच व्होल्टच्या पिनला. आणि पेनड्राइव्हच्या बाजूला अधिक-उणे उलटं. बहिणीच्या मुलाने चार वर्षं जपून वापरलेलं यंत्र माझ्या हातून बिघडू शकलं असतं.

वरची तिसरी पायरी, म्हणजे जुन्या प्लगचा नमुना शेजारी धरायचा, ही त्याचीच सूचना. म्हणून तपासणीचा हा तक्ता फळ्यावर लिहाच :

- लाल ते पिन १ : बीप हवा
- पांढरी ते पिन २ : बीप हवा
- हिरवी ते पिन ३ : बीप हवा
- काळी ते पिन ४ आणि ५ : दोन्हीकडे बीप हवा
- लाल ते काळी : बीप नको
- पांढरी ते हिरवी : बीप नको
- लाल ते पांढरी, लाल ते हिरवी : बीप नको
- काळी ते पांढरी, काळी ते हिरवी : बीप नको

सगळ्या ओळी बरोबर आल्या तरच केबल लावायची. एक जरी चुकली तरी परत सोल्डरिंग.

केबल लावली, पुढे काय?

केबल फक्त 'तू यजमान आहेस' एवढं सांगते. पेनड्राइव्हची भाषा कॅल्क्युलेटरला येत नाही, ती शिकवावी लागते. हौशी प्रोग्रामरनी त्यासाठी यूएसबी८एक्स आणि एमएसडी८एक्स असे प्रोग्राम लिहिले आहेत. ते आधी संगणकावरून कॅल्क्युलेटरमध्ये घालावे लागतात. आमच्याकडे एक जुना पेनड्राइव्ह ओळखला गेला, दुसरा नाही. मुलांना तो दुसराच जास्त आवडला, कारण 'का नाही' यावर पूर्ण तास वाद चालला.

एक कारण विजेचं असू शकतं. ऑन-द-गोच्या मूळ नियमात यजमानाने कमीत कमी ८ मिलिअँपिअर दिले तरी चालतात. साधं यूएसबी उपकरण मात्र १०० मिलिअँपिअरपर्यंत, काही तर ५०० पर्यंत मागतात. चार छोट्या सेलवर हे किती वेळ चालेल? हा हिशोब मुलांना घरी द्या. हार्ड डिस्क वगैरे अजिबात लावू नका.

लक्षात ठेवा

- ही केबल दोन्ही टोकांना ए-प्लग असलेली तार वापरून संगणकाला कधीही जोडू नका. दोन यजमान समोरासमोर येतात आणि दोघांची वीज एकमेकांवर आदळू शकते.
- सोल्डरिंग करताना खिडकी उघडी ठेवा, नंतर हात धुवा. मुलं एकटी नकोत.
- मूल परदेशात किंवा आयबी शाळेत असेल तर परीक्षेचे नियम आधी वाचा. केबल घरीच ठेवायची.

विचार करा (मुलांसाठी)

१. जुन्या मोबाइलच्या मायक्रो-यूएसबीतही पाच पिना असतात. तिथे ओळख पिन कुठली?
२. टाइप-सी प्लग कसाही घुसतो आणि त्यात ओळख पिन नसते. तिथे ५.१ किलो-ओहमच्या रोधाने ओळख पटवली जाते. पिन सरळ जोडण्यापेक्षा रोध वापरण्याचा फायदा काय?

शेवटी पालकांना एकच विनंती. मूल जुना चार्जर उघडून बसलं की "आधी अभ्यास कर" असं आपण पटकन म्हणून जातो. वापरात नसलेली, भिंतीतल्या विजेपासून सुटी केलेली वस्तू असेल तर जरा शेजारी बसा आणि विचारा, "बीप करून बघितलंस का?" त्या मुलाची गणिताची वही आजही फारशी नीट नसते. पण ओहमच्या नियमाच्या तासाला आता तो पहिल्या बाकावर येऊन बसतो आणि मल्टिमीटर कपाटातून काढायची जबाबदारी त्याची आहे.

तुम्ही केबल बनवलीत तर तपासणीच्या तक्त्यासकट मुलांच्या वहीत नोंदवून घ्या. चुकलेली केबलही जपून ठेवा. माझी पहिली केबल आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात लटकवलेली आहे, खाली चिठ्ठी लावून : 'मॅडमची चूक'.