दहा वाक्यांचा काटा



आपल्या भागात ऊस कारखान्यावर गेला की शेतकऱ्याची नजर काट्यावर असते. आधी भरलेली गाडी, मग रिकामी गाडी, आणि मधला फरक तो उसाचा. एवढा सरळ हिशेब असूनही पारावर बसल्यावर कुणीतरी म्हणतोच, "काटा मारला असणार." आज मी एका वेगळ्याच काट्याविषयी लिहिणार आहे. माणूस स्वतःची किती किंमत करतो ते मोजणारा हा काटा आहे. मानसशास्त्रात त्याला आत्मसन्मान मापनश्रेणी म्हणतात. पूर्वी ती मानसशास्त्राच्या पुस्तकात असे, आता मुलांच्या मोबाईलवर येते. गेल्या महिन्यात दोन पालक आपापल्या मुलांचे आकडे घेऊन घाबरून माझ्याकडे आले, म्हणून हा लेख.

या श्रेण्यांपैकी सर्वांत जास्त वापरली जाणारी मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने तयार केली. न्यूयॉर्क राज्यातल्या दहा शाळांमधील ५,०२४ मुलामुलींकडून त्यांनी माहिती घेतली आणि १९६५ साली ती पुस्तकरूपाने मांडली. श्रेणीत फक्त दहा वाक्ये आहेत. पाच वाक्यांत माणूस स्वतःविषयी चांगले बोलतो, पाचांत वाईट. प्रत्येकापुढे पूर्ण सहमत, सहमत, असहमत, पूर्ण असहमत यांपैकी एका ठिकाणी खूण करायची. वाईट वाक्यांचे गुण उलटे मोजायचे. प्रत्येकी ० ते ३, म्हणजे एकूण ३०. पंधराच्या खाली आले तर आत्मसन्मान कमी, असे बऱ्याच ठिकाणी छापलेले असते. पण अशी सर्वमान्य सीमारेषा कुणी ठरवलेली नाही. हा ताप मोजायचा थर्मामीटर नव्हे.

आता माझी चूक सांगतो. मी नुकताच धर्मगुरू झालो होतो. २००९ च्या मे महिन्यात, आधीच्या एका धर्मग्रामात, आम्ही आठवी ते बारावीच्या मुलांचे शिबिर घेतले. तत्त्वज्ञानाची पदवी ताजी होती आणि थोडेफार मानसशास्त्रही वाचलेले होते. मी ती दहा वाक्ये एका रात्रीत मराठीत केली, झेरॉक्स काढल्या आणि मुलांना वाटल्या. नववीतल्या एका मुलीला तीसपैकी नऊ गुण मिळाले. मी तिला बाजूला बोलावले, पण सर्वांच्या देखत बोलावले, आणि "तुझा आत्मसन्मान फार कमी आहे, आपण त्यावर काम करू," असे सांगितले. पुढच्या रविवारी मिस्सामध्ये ती वाचन करायला उभी राहिली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तिने कारण सांगितले ते जवळजवळ वर्षाने. "फादर, तुम्हीच तर उपदेशात सांगता, स्वतःला मोठं म्हणायचं नाही. जकातदाराची गोष्ट तुम्हीच सांगितली होती. म्हणून मी तसं लिहिलं." लूकच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातील ती परूशी आणि जकातदाराची गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. मी त्या मुलीचे मन मोजायला गेलो आणि काट्यावर चढला होता माझाच उपदेश. (ती आता संसारात आहे आणि तिच्या परवानगीनेच हे लिहितो आहे.)

भाषेचाही घोटाळा झाला होता. मी एका वाक्यात 'अभिमान' हा शब्द वापरला. शाळेच्या पुस्तकात देशाचा अभिमान चांगला असतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात मात्र गर्व, अहंकार, अभिमान हे सारे एकाच टोपलीत पडतात, आणि सात प्रमुख पापांत पहिले नाव तिथलेच. मग मुलाने कोणता अभिमान धरायचा? शिवाय नकारार्थी वाक्य आले की मराठी माणूस "हो, नाही" असे उत्तर देतो, आणि खूण भलत्याच चौकटीत पडते. हे केवळ आपलेच नाही. २००५ साली ५३ देशांतून, २८ भाषांत घेतलेल्या याच श्रेणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही सगळे लोक नकारार्थी वाक्ये एकाच अर्थाने घेत नाहीत, असे दिसले. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवली आणि १९४० साली त्यावर पुस्तक लिहिले. परकी चाचणी नुसती भाषांतर करून चालत नाही, ती आपल्या मुलांवर तपासून घ्यावी लागते, हे त्यांना कळले होते. मी एका रात्रीत उरकले.

मग नम्रतेचे काय? संत थॉमस अक्वायनस यांनी नम्रता हा सद्गुण मानला, तसाच मनाचा मोठेपणा हाही सद्गुणच मानला. जे आपल्या आवाक्याबाहेर आहे त्याच्यामागे धावणाऱ्या मनाला नम्रता आवरते. जे आवाक्यात आहे तेही सोडून पळणाऱ्या मनाला मोठेपणा उभे करतो. "मला जमणारच नाही" म्हणून बसून राहण्याला, म्हणजे मनाच्या कोतेपणाला, त्यांनी पाप म्हटले आहे. उदाहरण दिले ते धन्याचे पैसे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचे. सेमिनरीत हा भाग मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्या मुलीसमोर बसलो तेव्हा तो समजला. आपल्या घरांतून मुलींना तर विशेष करून पहिला सद्गुण शिकवला जातो, दुसऱ्याचे नावही घेतले जात नाही. प्रवचनकारही यात निर्दोष नाहीत.

रोझेनबर्ग यांच्या पाहणीतील दोन गोष्टी मला त्या आकड्यांपेक्षा मोलाच्या वाटतात. पहिली घरातली. आईवडील मुलांच्या मित्रांना ओळखतात का, मार्कांवर काय बोलतात, जेवताना मुलाला संभाषणात घेतात का, हे त्यांनी विचारले होते. गुणपत्रक पाहून ज्यांच्या घरी कुणी काहीच बोलत नसे, त्या मुलांचा आत्मसन्मान रागावणाऱ्या आईबापांच्या मुलांपेक्षाही कमी होता. रागावणे चांगले, असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण आपल्याकडे बाप दिवसभर रानात, आई मजुरीवर, आणि रात्री टीव्ही नाहीतर मोबाईल. जेवताना मुलाला "आज काय झालं?" एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्या लहान समाजाची. आपल्या धर्माचे लोक थोडे असलेल्या वस्तीत वाढलेल्या मुलांत कमी आत्मसन्मान अधिक प्रमाणात आढळला, असे रोझेनबर्ग यांनी १९६२ मध्येच लिहिले होते. त्यात कॅथलिक होते, प्रोटेस्टंट होते, ज्यू होते. वेळापूरला माउलींची पालखी मुक्कामाला येते तेव्हा सारे गाव आनंदात असते आणि आपली मुलेही त्यात असतात. पण वर्गात आपले एखाददुसरेच मूल असते, आणि "तुमच्यात काय असतं रे?" हा प्रश्न त्याला वर्षभर पुरतो. प्रश्न बहुधा साधाच असतो. त्याचे उत्तर मात्र घरी कुणी दिलेले नसते.

याला दुसरी बाजूही आहे. रोझेनबर्ग आणि रोबर्टा सिमन्स यांनी पुढे बाल्टिमोर शहरातल्या शाळकरी मुलांचा अभ्यास केला. तिथे कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी आढळला नाही. मूल स्वतःला पाहते ते आई, शिक्षक, सवंगडी यांच्या डोळ्यांतून. दूरचा समाज काय म्हणतो ते नंतर येते. आपल्यापैकी किती घरांतल्या आजोबांनी जातीवरून काय काय ऐकून घेतले, हे मी सांगायला नको. तरी त्यांच्यातले कितीतरी ताठ उभे राहिले, ते कुणाच्या डोळ्यांत पाहून, हे घरातल्या म्हाताऱ्यांना एकदा विचारा.

वयाविषयी थोडे. पौगंडावस्थेत आत्मसन्मान घसरतोच, असे मी पालक मेळाव्यात अनेकदा सांगितले आहे. २००२ च्या एका मोठ्या पाहणीचा तो आधार होता. मात्र २०१८ मध्ये ३३१ नमुन्यांचा एकत्र अभ्यास झाला. त्यात ११ ते १५ या वयात सरासरी घसरण दिसली नाही, तो जागेवर राहतो. पुढे तिशीपर्यंत तो जोमाने वाढतो, साठीपर्यंत हळूहळू वाढत राहतो आणि उतारवयात पुन्हा कमी होतो. तेव्हा माझे आधीचे विधान मागे घेतो. म्हाताऱ्या माणसांकडेही लक्ष द्यायला हवे, हे मात्र यात भर म्हणून घ्या.

आणि आत्मसन्मान फुगवला की मार्क वाढतात, हीही समजूत टिकलेली नाही. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये त्यासाठी सरकारी समिती नेमली होती. २००३ मध्ये सर्व संशोधन तपासले गेले तेव्हा, चांगले मार्क पडल्याने आत्मसन्मान थोडा वाढतो, उलटे फारसे घडत नाही, असे दिसले. "तू भारी आहेस" असे रोज म्हणण्यापेक्षा गणिताला बसवा.

ज्या पालकांकडे असे आकडे आहेत त्यांनी ते मुलाला पुन्हापुन्हा ऐकवू नयेत, पाहुण्यांसमोर तर नाहीच. एका दिवशीचा आकडा त्या दिवशीच्या भांडणाचाही असू शकतो. पण मूल जेवत नसेल, झोपत नसेल, मित्र तोडत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे एकदा जरी बोलले, तर आकड्याची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरकडे न्या. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

माझ्याशी बोलायचे असेल तर संध्याकाळच्या मिस्सानंतर मी ऑफिसात असतो. पहिल्या वेळी मुलाला आणू नका, आधी तुम्ही दोघे या. आणि येताना मुलाच्या तीन मित्रांची नावे आठवून या.

आपला,
धर्मगुरू