शाळेचा डबा : पर्याय घरचे, निवड मुलाची

मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, टोमॅटोचे क्रेट आणि सातगाव पठारावरचा बटाटा मंचर-नारायणगावच्या बाजारातून दूरदूरच्या शहरांत जात असतो. तरीही याच आंबेगाव-जुन्नर भागातील मुलांच्या डब्यात मधल्या सुट्टीत बिस्किटे, नूडल्स किंवा जॅम लावलेला ब्रेड निघावा, याचे कारण भाजीच्या टंचाईत शोधता येत नाही. ते बहुधा सकाळच्या घाईत आणि डब्याचा निर्णय कोण व केव्हा घेतो यात असते.

डब्यात किती पोषण असावे, याचे एक माप सरकारी योजनेतच उपलब्ध आहे. 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झालेल्या आणि 2021 पासून ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शालेय पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दुपारच्या एका जेवणात 450 किलोकॅलरी ऊर्जा, 12 ग्रॅम प्रथिने आणि 50 ग्रॅम भाजी, तर सहावी ते आठवीसाठी 700 किलोकॅलरी, 20 ग्रॅम प्रथिने आणि 75 ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. प्रथिने म्हणजे स्नायू, रक्त आणि वाढीसाठी लागणारा घटक. 100 ग्रॅम गोड बिस्किटांतून ऊर्जा जवळजवळ तेवढीच, म्हणजे 450 किलोकॅलरीच्या आसपास मिळते, परंतु प्रथिने त्याच्या निम्मीच असतात आणि भाजी अर्थातच नसते. त्यामुळे पोट भरल्याचे समाधान आईला आणि मुलाला दोघांनाही होते, वाढीची गरज मात्र अपुरी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिजवलेला आहार मिळत असताना मुलाच्या खिशात खाऊसाठी पैसे देणारे पालक या आहाराचे महत्त्व स्वतःच कमी करत असतात, हेही येथे सांगितले पाहिजे.

मुले भाजी का टाळतात, हा प्रश्न हट्टापेक्षा शरीरस्वभावाचा अधिक आहे. अनोळखी चव, वास किंवा रंग यांविषयी लहान मुलांना वाटणारी शंका दोन ते सहा या वयात विशेष तीव्र असते आणि पुढे हळूहळू ओसरते. एखादा पदार्थ आठ-दहा वेळा, प्रसंगी त्याहून अधिक वेळा, थोड्या प्रमाणात आणि सक्ती न करता समोर आला तर तो स्वीकारला जाण्याची शक्यता वाढते, असे बालआहाराच्या अभ्यासांतून वारंवार आढळले आहे. दोन वेळा मेथी परत आली म्हणून ‘याला मेथी आवडत नाही’ असा निकाल देणे त्यामुळे घाईचे ठरते. ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट देईन’ हे आमिष तर उलटेच काम करते, कारण त्यातून भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस असा धडा मूल शिकते.

याऐवजी निवडीचा अधिकार मुलाला द्यावा, मात्र पर्याय पालकांनी ठरवावेत. ‘उद्या डब्याला काय हवे?’ असा मोकळा प्रश्न विचारला की उत्तर नूडल्स येणारच. ‘मेथीचे थालीपीठ की मटकीची उसळ?’ असे रात्रीच विचारले, तर कोणतेही उत्तर आले तरी आईचे काही बिघडत नाही आणि स्वतः निवडलेले खाण्याकडे मुलाचा कल राहतो. बाजाराच्या दिवशी त्याला सोबत नेऊन एक भाजी निवडू द्यावी, घरी शेंगा सोलण्याचे किंवा जुडी निवडण्याचे काम द्यावे. हे काम मुलीलाच सांगण्याची रीत सोडून मुलालाही द्यावे.

पदार्थ निवडताना तो चार-पाच तासांनी, गार झाल्यावर, अपुऱ्या सुट्टीत खाल्ला जाणार आहे हे लक्षात घ्यावे लागते. बाजरीची भाकरी गार झाल्यावर कडक होते, म्हणून ती परत येते. त्याच पिठात थोडी कणीक, बेसन आणि चिरलेली मेथी घालून केलेले धपाटे मऊ राहतात, दुधात भिजवलेली दशमीही तशीच. नाचणी ही कॅल्शियमचा, म्हणजे हाडे घडवणाऱ्या क्षाराचा, उत्तम स्रोत असून पश्चिम आंबेगावच्या आदिवासी गावांत ती परंपरेने पिकते. तिची भाकरी जड वाटत असल्यास आंबोळी किंवा लाडू करता येतो. या भागाची मासवडी रोजची नसली तरी तीळ, खोबरे आणि बेसन यांमुळे डब्यालाही शोभणारी आहे.

बाजरी आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. सोबत लिंबाची फोड, पेरू किंवा आवळा असल्यास त्यातील क जीवनसत्त्वामुळे शोषण सुधारते. जेवणालगत घेतलेल्या चहाने मात्र ते घटते, आणि शाळकरी मुलाला चहा देण्याचे मुळात कारणच नाही. द्राक्षे आणि टोमॅटो फवारणीचे असू शकतात, म्हणून ते वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावेत.

जास्त चरबी, साखर आणि मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा नियम 2020 पासून आहे; टपरीवरची पाकिटे पाहून तो अनेकांना ठाऊक नसावा असेच वाटते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी तो विषय काढावा.

मूल फिकट दिसत असेल, खेळताना लवकर दमत असेल किंवा माती, खडू खात असेल, तर नुसता डबा बदलून भागत नाही. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाच्या रक्तात हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारे लोहयुक्त द्रव्य, दर 100 मिलिलिटरमागे 11.5 ग्रॅमपेक्षा कमी असणे हा रक्तक्षय मानला जातो. अशी लक्षणे दिसताच पालकांनी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात रक्ततपासणी करून घ्यावी, आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू कराव्यात.